धर्मराजानं बांधलेली वळकटी

धर्मराज दुसरं लग्न करतोय, अशी आवई १९५५ सालच्या जून महिन्यात आमच्या कुळगावात उठली. बातमी पक्की होती. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनमध्ये बायकांच्या चपला हातात घेऊन त्यांचे पट्टे ओढून बघताना त्याला एकानं पाहिलं होतं. दुसऱ्यानं त्याला आरसा घेताना पाहिलं. तिसरीनं तर सांगितलं, की बरोबर एक बाईही होती, चांगली गोरीगोमटी, आणि ती सारखी हसत होती.

आता खरं सांगते. ती बाई मी. गोरीगोमटी हे ऐकून दोन दिवस बरं वाटलं, म्हणून खुलासा तिसऱ्या दिवशी केला. तोवर वांगणीची एक विधवा, दोन दुभत्या म्हशींसकट, धर्मराजाला सांगून आली होती. त्यानं निरोप्याला दारातच विचारलं, "म्हशींची वैरन कोन बांधतो?" आणि उत्तर पसंत न पडल्यामुळे ती सोयरीक तिथंच मोडली.

चपला होत्या अंजनीच्या. अंजनी म्हणजे धर्मराजाची एकुलती एक लेक. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली. तेव्हापासून बापानं तिला वाढवली आणि मी शेजारधर्मानं बिघडवली. कल्याणला रोज गाडीनं जाऊन पोरगी मॅट्रिक झाली, तीही चांगल्या मार्कांनी. पुण्याच्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला आणि मुलींच्या बोर्डिंगात जागा. कुळगावातली मुलगी सासरी जायची, बाळंतपणाला माहेरी यायची, फार तर आत्याकडे चार दिवस राहायची. बोर्डिंगात कुणी गेलेली नव्हती. त्यामुळे तिच्याबरोबर काय द्यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं आणि सल्ला मात्र सगळेच देत होते.

सल्ल्यात सर्वांत पुढे धर्मराजाचा थोरला भाऊ दिनानाथ. तो वांगणीला शेती करायचा आणि भावकीत त्याचा शब्द चालायचा. त्यानं ओसरीवर बसून साफ सांगितलं, "बोर्डिंगवाल्यांनी पोरीला ठेवून घेतली तर शिकव. त्यांनी परत धाडली, तर मार्गशीर्षात लगीन. घर मी बघून ठेवलंय." धर्मराज "बरं" म्हणाला. त्याचं "बरं" म्हणजे दगडावरची रेघ.

आणि बोर्डिंगच्या पत्रात छापलेलं होतं: वीस जून रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी हे पत्र घेऊन, यादीतल्या सामानासह हजर व्हावे; तसे न झाल्यास जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीस दिली जाईल. सामान एक पेटी आणि एक वळकटी. त्याहून जास्त आणू नये.

दुसरा कुणी असता तर या शेवटच्या ओळीला घाबरला असता. धर्मराजाची कळी खुलली. कारण बांधणं हा त्याचा धंदा.

आमच्या कुळगावातच, बदलापूर स्टेशनाजवळ, गवताची वखार होती. आमच्या माळांवरचं गवत तिथं यायचं, लाकडी दाबात घालून त्याच्या गासड्या व्हायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांत जायच्या. धर्मराज वीस वर्षं त्या गासड्या बांधत होता. गवत दाबात भरायचं, वर उभं राहून पायांनी तुडवायचं, दाब पिळायचा, तार आवळायची आणि गाठ मारायची. त्याची गाठ अशी, की मुंबईतले घोडे सांभाळणारे मोतद्दार तिला सोडवताना बदलापूरच्या नावानं शिव्या घालायचे. वखारवाला त्या शिव्या येऊन सांगायचा आणि धर्मराज लाजायचा. त्याला सुटं काही बघवायचंच नाही. जेवणाच्या भाकरीलाही हा तीन गाठी मारून न्यायचा आणि दुपारची निम्मी सुट्टी त्या सोडवण्यात घालवायचा. मी एकदा विचारलं, "भावजी, भूक लागत नाही का?" तर म्हणाला, "वैनी, भूक लागंल म्हनून गाठ ढिली मारायची का?"

या बांधणाऱ्यांची आणखी एक शिस्त होती. प्रत्येक गासडीत वखारीची चिठ्ठी जायची, तिच्यावर वजन, तारीख आणि मालकाचं नाव. ती वर लावायची नाही, बरोबर पोटात ठेवायची. वरची चिठ्ठी वाटेत कुणीही बदलील; पोटातली गासडी फोडल्याशिवाय हाताला लागत नाही. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

तर यादी. ती मराठीत छापलेली होती, पण धर्मराज आकड्यांपुरताच साक्षर आणि अंजनी दाखला आणायला कल्याणला गेलेली. म्हणून त्यानं ती माझ्याकडे वाचायला आणली. मी वाचली: गादी, उशी, दोन चादरी, कांबळं, मच्छरदाणी, बादली, ताट-वाटी, तांब्या-भांडं, कंदील, आरसा, फणी, चपला. तो बोटांवर मोजत इतक्या भक्तिभावानं ऐकत होता, की मला राहवेना. शेवटी मी त्याच सुरात म्हटलं, "आणि एक पाटा, एक वरवंटा."

"बराबर," तो म्हणाला. "चटनी कशावर वाटनार पोर?"

मी सांगणार होते, की थट्टा केली. पण तेवढ्यात माझ्या चुलीवर दूध उतू गेलं आणि मग राहून गेलं. पाहिजे तर विश्वास ठेवा.

खरेदीला आम्ही दोघं कॅम्प दोनला गेलो. परकर-पोलक्यांच्या दुकानात शिरायला त्याला बाईमाणूस बरोबर हवं होतं. पण दुकानात तो शिरलाच नाही. बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि आतल्या प्रत्येक वस्तूला नुसतं "बळकट घ्या" म्हणत राहिला. चपलांचे पट्टे मात्र त्यानं स्वतः ओढले. सहा जोड ओढले, त्यांतले दोन तुटले आणि दुकानदारानं हात जोडले.

पेटी घेतली लोकूमलकडे. हा सिंधी माणूस फाळणीनंतर इकडे आलेला. छावणीतल्या बराकीच्या दारातच पत्र्याच्या पेट्या ठोकून विकायचा. त्यानं निळी, गुलाबाची फुलं काढलेली पेटी पुढं केली. धर्मराजानं चपला काढल्या, पेटीला नमस्कार केला आणि तिच्यावर चढला.

"अरे साईं! पेटी है, चबुतरा नहीं!" लोकूमल ओरडला.

"दाबून बघतोय," धर्मराज वरून म्हणाला आणि दोन उड्या मारल्या.

"दाबने का नहीं, रखने का है! बाई, तुम बोलो ना आपके साब को!"

"हमारे साब घर में है," मी म्हटलं. "ये पडोसी है."

पेटीचं झाकण बशीसारखं खोल गेलं. तिसऱ्या पेटीनं धर्मराजाला पेललं, ती घेतली. पहिल्या दोघींची झाकणं लोकूमल आतून ठोकून सरळ करत बसला आणि ठोकता ठोकता विचारलं, की एवढी मजबूत पेटी कुणाला. "बेटी को. कालिज," धर्मराज छाती काढून म्हणाला. लोकूमलचा हातोडा थांबला. आत जाऊन त्यानं एक पितळी कुलूप आणलं आणि पेटीला आपल्या हातानं लावलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "हम कराची से निकला, तब एकही पेटी था. सुनो साईं, जो पहले लगेगा वो सबके ऊपर रखना. और कागज तो एकदम ऊपर."

रस्त्याला लागल्यावर धर्मराज मला हळूच म्हणाला, "मानूस लई चांगला हाय. पन बांधन्यातलं त्याला काय कळत नाय."

एकोणीस तारखेला सामान बांधायला काढलं. कपडे आणि पुस्तकं पेटीत गेली. बाकीचं सगळं वळकटीत जायचं होतं, आणि बाकीचं म्हणजे नुसती यादी नव्हे. घरच्या भाताचे तांदूळ, मिरचीची पूड, पापड, सुक्या बोंबलांची एक माळ. आणि पाटा, आणि वरवंटा. पाट्याला तर त्यानं टाकीवाल्याकडून मुद्दाम टाकी लावून आणली होती.

अंजनीनं ते बघितलं. "बाबा, पाटा कशाला?"

"यादीत हाय."

अंजनी माझ्याकडे वळली. ही पोरगी मला जन्मापासून ओळखते. "काकी?"

"भांडी घासून टाकते हं तुमची," म्हणत मी मोरीकडे गेले.

गादी घरात बांधून त्याचं समाधान होईना. बैलगाडीत घालून सगळं वखारीत नेलं आणि गवताच्या दाबात चढवलं. आधी गादी, तिच्यावर ताट-वाटी, भांडी वाजू नयेत म्हणून मध्ये मूठ-मूठ गवत, कांबळं, बादली, बादलीत तांदूळ. आणि मग स्वतः वर. अंजनी खाली उभी राहून कळवळत होती. "बाबा, ती गादी आहे, घोड्याचा खुराक नाही!"

"तू गप ऱ्हा. वीस वर्सांत माझी येक गासडी वाटंत सुटलेली नाय."

"सुटू नये ठीक आहे. पण उघडावी तर!"

त्यानं दाब पिळला. आतून आरशाचा एक बारीक आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला आणि धर्मराजानं आणखी एक पीळ दिला. तासाभरात त्या घरभर सामानाची देवळीएवढी गासडी झाली. तिला दोन तारा, वरून गोणपाट. मी पण थक्क झाले. कला ती कला.

वीस तारखेला सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. मीही होते, कारण बोर्डिंगात मुलीबरोबर बाईमाणूस असलेलं बरं, असं मीच सर्वांना पटवलं होतं. मला पुणं बघायचं होतं. पुण्याच्या स्टेशनावर हमालानं गासडी एका हातानं उचलायला घेतली, मग दोन्ही हातांनी, मग तो तिच्यावर बसला आणि म्हणाला, "काका, ह्यात काय देऊळ हाय काय?" दोघा हमालांनी ती टांग्यात चढवली. टांग्याचा घोडा गवताच्या वासानं सारखा मान मागे वळवून बघत चालला, त्यामुळे सरळ रस्त्यावरही आम्ही तिरके गेलो.

बोर्डिंगात पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. व्हरांड्यात टेबल मांडून रेक्टरबाई बसल्या होत्या. किडकिडीत अंगाच्या, जाड चष्म्याच्या, आणि टेबलावर वहीशेजारी एक गजराचं घड्याळ. पुढं दहा-बारा मुली आणि त्यांचे वडील रांगेत. आमचा नंबर आला तेव्हा घड्याळात सव्वाचार झाले होते.

"पत्र?" रेक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं.

"हाय," धर्मराज म्हणाला.

"दाखवा."

"आत हाय."

"कशाच्या आत?"

"पोटात."

रेक्टरबाईंनी मान वर केली आणि धर्मराजाच्या पोटाकडे पाहिलं. धर्मराजानं टांग्यातल्या गासडीकडे बोट दाखवलं. अंजनीनं कपाळावर हात मारला. "बाबा! मी पत्र पेटीत वर ठेवलं होतं ना?"

"ठेवलं व्हतंस. मी काढून पोटात घातलं. वरची चिठ्ठी चोराची."

"अहो, मग काढा बाहेर," रेक्टरबाई म्हणाल्या. "पत्राशिवाय मला नाव चढवता येणार नाही. पाच वाजता ही वही मिटते, आणि त्या तिथं बाकावर प्रतीक्षायादीतली मुलगी वडिलांबरोबर दुपारपासून बसली आहे."

आम्ही बाकाकडे पाहिलं. बाकावरची मुलगी आमच्याकडेच बघत होती. तिचे वडील तर हसले सुद्धा.

गासडी उतरवली. धर्मराज तिच्यापुढं उकिडवा बसला, गाठीला हात घातला आणि तसाच राहिला. आणि त्या वेळी मला कळलं, की या माणसानं वीस वर्षांत हजारो गासड्या बांधल्या, पण आयुष्यात एकही सोडलेली नव्हती. सोडणारे मुंबईत. तार तोडायची पक्कड वखारीत. त्यानं नखं लावली, दात लावले. गाठ त्याचीच होती. ती का ऐकेल? अंजनी एकदा घड्याळाकडे आणि एकदा बापाच्या हातांकडे बघत होती. बोटांतून रक्त यायला लागलं होतं. मला त्या वेळी एकही विनोद सुचला नाही, यावरून प्रसंग ओळखावा.

तेवढ्यात टांगेवाला भाड्यासाठी आत आला. गासडीकडे बघितलं, वाकला, गाठीवरून बोट फिरवलं आणि एकदम भडकला. "ही गाठ! मुंबईला तबेल्यात व्हतो सात वर्सं. ही बदलापूरची गाठ! ज्यानं ही मारली त्यो मला एकदा भेटूं दे, त्याला असा..."

"मीच त्यो," धर्मराज म्हणाला. जागा जाण्याची पाळी आली होती, तरी त्याच्या चेहऱ्यावर लाज आणि आनंद एकदम पसरला.

टांगेवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. जे बोलायचं होतं ते गिळलं, कारण बायका होत्या. मग त्यानं घोड्याचे खूर साफ करायचा आकडा आणला, तो तारेत अडकवून दोनदा उलटा पिळला आणि ओरडला, "सरका मागं!"

गासडी सुटली. सुटली म्हणजे तिनं चोवीस तासांचा कोंडलेला श्वास एकदम सोडला. गादी ताडकन उभी राहिली, गवत उडालं, ताट घरंगळत व्हरांड्यात गेलं, बोंबलांची माळ वहीवर पडली आणि वरवंटा शांतपणे गडगडत जाऊन रेक्टरबाईंच्या खुर्चीला टेकला. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली कठड्याशी आल्या. एवढं हसू त्या बोर्डिंगात पूर्वी झालं नसावं.

कांबळ्याच्या घडीत पत्र सापडलं. अंजनीनं ते धावत नेऊन दिलं. रेक्टरबाईंनी दोन बोटांनी धरून वाचलं, यादीशी सामान पडताळलं, फुटक्या आरशापुढं खूण केली.

"पाटा-वरवंटा यादीत नाही."

"हाय," धर्मराज म्हणाला. "वैनींनी वाचला."

रेक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी व्हरांड्याचे वासे मोजायला लागले. नऊ होते.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "पत्र बरोबर आहे. पण नियमात एक पेटी, एक वळकटी बसते. हा तर बाजार आहे. जास्तीचं बाहेर काढून वेगळं करा, मग नाव चढवते. पावणेपाच झालेत."

"येकच वळकटी हाय, बाई," धर्मराज म्हणाला. "जरा फुगलीय."

आणि त्यानं धोतर खोचलं. दाब नव्हता. म्हणून गादी पसरून त्यानं सगळं पुन्हा रचलं, वर पाटा आडवा घातला आणि पाट्यावर स्वतः उभा राहिला. "वैनी, या!" मला हाक मारली. मी काय करते? माझाच पाटा. मीही चढले. टांगेवाला म्हणाला, "म्या सोडनारा मानूस, बांधनारा नव्हं," पण त्यानंही तारेचं एक टोक धरलं. अंजनी खालून बोटांवर यादी मोजत ओरडत होती, "बाबा, चादरी! चादरी राहिल्या!" आम्ही दोघं पाट्यावर नाचत होतो, वरून मुली टाळ्या वाजवत होत्या. बाकावरच्या मुलीचे वडील आता हसत नव्हते. धर्मराज शेवटी पाट्यावरून उतरला, पाटा-वरवंटा कांबळ्यात गुंडाळून पोटात सरकवला, तार ओढली आणि गाठ मारली. तीच.

पाच वाजायला चार मिनिटं असताना रेक्टरबाईंनी गासडीभोवती एक फेरी मारली, मोजून एक वळकटी आहे अशी खात्री केली आणि वहीत अंजनीचं नाव लिहिलं. मग बाकाकडे वळून त्या दुसऱ्या मुलीला म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत थांबा, अजून एक मुलगी यायची राहिलीय." तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

गासडी खोलीत न्यायला दोन शिपाई, टांगेवाला आणि धर्मराज असे चौघं लागले. दार अरुंद होतं. तिरकी केली, उभी केली, शेवटी चौकटीचा रंग खरवडत ती आत गेली आणि पलंगाशेजारी बसली. रेक्टरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या पुण्याच्या, त्यांना शेवटी राहवलं नाही.

"अहो, हे सगळं आत तर नेलंत. पण दिवाळीच्या सुट्टीत मुलगी हे परत कसं नेणार, याचा काही विचार केलात का?"

धर्मराजानं हातावरचं रक्त धोतराला पुसलं आणि म्हणाला, "न्यायचंच नाय, बाई. हिची जागा कोनाला द्यायची झाली, तर आधी ही गासडी या दारातनं भाईर काढून दाखवा."